सड्यावरचं नितळ पाणी

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाने एखादा दिवस उघडीप दिली की मी घरामागची पाखाडी चढून सड्यावर जातो. आंबा-काजूची झाडी संपते, शेवटची चिऱ्याची पायरी येते आणि समोर काळपट कातळ पसरलेला दिसतो, पार आभाळाला टेकेपर्यंत. कातळात जिथे जिथे खोलगट भाग आहे तिथे पाणी साचलेलं असतं. कुठे वाटीभर, कुठे परातीएवढं, कुठे शाळेच्या पटांगणाएवढं. मोठ्या तळ्यातही ते गुडघ्याच्या वर क्वचितच जातं. ओणवं होऊन पाहिलं तर पाणी आधी दिसतच नाही. दिसतो तो तळाचा तांबूस जांभा, त्याची भोकं, एका भोकात अडकलेली गवताची काडी. मग तळावरून एक बारीक सावली सरकते. सावली कोणाची म्हणून वर शोधावं तर तिथे काहीच नसतं. तिथल्या तिथे डोळा स्थिर ठेवला, श्वास रोखला, की पाण्याच्या मधोमध काचेच्या काडीसारखं काहीतरी उताणं पोहताना दिसतं. त्याच्याकडे पुढे येईनच. आधी या पाण्याबद्दल.

नितळ तळं म्हटलं की आपल्यासमोर हिमालय उभा राहतो. स्पितीतल्या चंद्रतालाला, ४,२०० मीटरच्याही वर, दरवर्षी कितीतरी मराठी ट्रेकर जातात आणि पाण्यात उतरलेल्या डोंगराचे फोटो घेऊन येतात. अशी तळी हिमनदीची देणगी असतात. बर्फाचा प्रचंड जड प्रवाह सावकाश खाली सरकताना खडक खरवडतो, खळगे पाडतो, सोबतचा दगडधोंडा पुढे ढकलून त्याचा बांध घालतो. बर्फ मागे हटला की त्या खळग्यात पाणी राहतं. पण हिमनदीचं प्रत्येक तळं नितळ नसतं. जिथे बर्फ अजून वितळतो आहे तिथलं पाणी दुधी असतं, कारण खडक दळून झालेलं पीठ त्यात तरंगत राहतं. बर्फ दूर गेला, पिठाची आवक थांबली, की पाणी निवळतं. आणि ते निवळलेलं राहतं, कारण भोवती उघडा खडक असतो, माती नसते. माती नाही म्हणून गाळ नाही, खतासारखी द्रव्यं नाहीत. ती नाहीत म्हणून शेवाळ फोफावत नाही. असं पाणी उपाशी असतं. ते नितळ दिसतं त्याचं कारण ही उपासमार.

न्यूझीलंडच्या नेल्सन लेक्स राष्ट्रीय उद्यानात रोटोमाइरेव्हेनुआ नावाचं एक छोटं तळं आहे. त्यातून आडवं पाहिलं तर ७० ते ८० मीटरपर्यंत दिसतं. जवळजवळ शुद्ध पाण्यात जितकं दिसू शकेल तितकंच. वरच्या अंगाला हिमनदीने घडवलेलं दुसरं तळं आहे आणि दोघांमध्ये कोसळलेल्या दरडीचा ढिगारा. वरचं पाणी त्या ढिगाऱ्यातून झिरपत, गाळलं जात खाली येतं. तिथल्या नाती आपा या माओरी लोकांसाठी हे तळं पवित्र आहे. आपल्या मृतांच्या अस्थी ते तिथे धूत असत. आज तिथे जाणाऱ्याला विनंती केली जाते की पाण्यात हातसुद्धा घालू नका. आपल्या बाटलीला, बुटाला चिकटून आलेलं एखादं शेवाळ त्या उपाशी पाण्यात रुजलं तर ते पाणी पुन्हा तसं होणार नाही, ही भीती आहे.

हे सगळं वाचताना मला आमचा सडा आठवत होता. रत्नागिरीला कधी हिमनदी नव्हती, शक्यच नाही. पण नितळ पाण्याला जे जे लागतं, म्हणजे उघडा खडक, मातीचा अभाव आणि भुकेलं पाणी, ते सगळं इथे आहे. फक्त बर्फाचं काम इथे पावसाने केलं आहे.

त्यासाठी जांभ्याकडे यायला हवं. कोकणाच्या तळाशी काळा बेसॉल्ट आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला, सह्याद्रीचाच दगड. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांनी लाखो वर्षं या खडकाला अक्षरशः धुतलं. त्यातला चुना, सोडा, पोटॅश, पुढे सिलिकासुद्धा पाण्याबरोबर वाहून गेलं. मागे राहिलं ते न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. त्याचाच लालसर, भोकाभोकांचा जांभा झाला. लोहाचा रंग आपल्या घरांच्या भिंतींवर, पाखाड्यांवर, गडग्यांवर दिसतो तो हाच. जमिनीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो, हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. म्हणून तर त्याचे चिरे पडतात. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश वैद्याने केरळात अंगाडीपुरमजवळ लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिनमध्ये वीट म्हणजे लॅटर. आज जगभराचं भूशास्त्र हेच नाव वापरतं. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चिरे निघत होते आणि जांभा हे नाव होतंच.

सड्याचा वरचा कडक थर म्हणजे या जांभ्याचं कवच. त्यात खळगे कसे पडले? पाणी जिथे थोडंसं साठतं तिथे दगडफूल वाढतं, शेवाळाची पातळ साय धरते, गवताची मुळं भेगांत शिरतात. त्यांच्या आम्लांनी कवच भुसभुशीत होतं. पावसाळ्यात ते सैल होतं, उन्हाळ्यात वारा ती भुकटी उडवून नेतो, पुढच्या पावसाळ्यात खळगा केसभर खोल झालेला असतो. हिमनदी जे काम प्रचंड वजनाने करते ते इथे पाणी, दगडफूल आणि वैशाखातला वारा मिळून करतात. काही ठिकाणी कवचाखाली पाण्याने पोकळी कोरलेली असते आणि वरचं छत खचून खोल डबरं तयार होतं. त्यातलं पाणी दिवाळीपर्यंतही टिकतं.

आता भुकेची गोष्ट. वनस्पतीला फॉस्फरस लागतो, आणि जांभ्यातलं लोह-ॲल्युमिनियम फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतं. शेतकऱ्याला हे चांगलं माहीत आहे: कोकणातल्या लाल मातीत स्फुरद कितीही घातलं तरी पिकाच्या हाती थोडंच लागतं. सड्यावरच्या तळ्यात तेच घडतं. तळ्यात येणारं पाणी थेट आभाळातलं, क्षार जवळजवळ नसलेलं. त्यात जे थोडं पोषण उतरतं तेही तळाचा दगड धरून बसतो. पहिल्या सरींचं पाणी उन्हाळाभराची धूळ घेऊन लालसर येतं. चार-सहा दिवसांत ती खाली बसते आणि मग गणपतीपर्यंत पाणी तसंच राहतं, जणू दगडावर काच ठेवली आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत, त्यामुळे तळं सतत भरून वाहत असतं, आतलं पाणी बदलत असतं.

अशा पाण्यात कोण जगणार? या प्रश्नापाशी मी नेहमी रेंगाळतो, कारण उत्तर थक्क करणारं आहे.

काचेच्या काडीसारखा जो जीव मघाशी सोडून आलो तो कोळंबीच्या दूरच्या नात्यातला. इंग्रजीत त्याला फेअरी श्रिंप म्हणतात, आपण परीकोळंबी म्हणू. अंग पारदर्शक, लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमी, पोटाखालच्या पानासारख्या पायांची लाट मागून पुढे अखंड चालू. याच पायांनी तो पोहतो, श्वास घेतो आणि पाण्यातले अन्नाचे सूक्ष्म कण गाळतो. पोहतो मात्र उताणा. मादीच्या अंगाला अंड्यांची छोटी पिशवी लटकलेली दिसते. अंड्यातून बाहेर आल्यापासून वीण होईपर्यंत साऱ्या आयुष्याला दोन-तीन आठवडे पुरतात, कारण तळं कधी आटेल याचा भरवसा नाही. पण अंडी थांबू शकतात. त्यांचं कवच असं की तळं आटलं, कातळ भाजून निघाला, चैत्र-वैशाख उलटले, तरी आतला जीव तसाच राहतो. एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला तर सगळीच अंडी फुकट जाऊ नयेत म्हणून पहिल्या पाण्याला काहीच फुटतात, बाकीची पुढच्या वर्षासाठी, त्याच्याही पुढच्या वर्षासाठी राहतात. ती वाऱ्याने उडतात, गुरांच्या खुरांना आणि टिटवीच्या पायांना चिकटून शेजारच्या तळ्यात जातात.

या जिवाचं मोठं भाग्य म्हणजे इथे मासे नसतात. बारमाही पाणी असतं तर माशांनी त्यांना केव्हाच संपवलं असतं. उंच थंड प्रदेशांतल्या बिनमाशांच्या तळ्यांतही याच गणगोताचे जीव सापडतात. तिथे गोठण्यावर मात करायची असते, इथे वाळण्यावर, आणि दोन्हीकडे उपाय एकच, थांबून राहणारं अंडं. सह्याद्रीतल्या परीकोळंबीची एक वेगळी जात समीर पाध्ये आणि क्रिस्टोफर रॉजर्स यांनी २०१४ साली जगापुढे मांडली. तिचं नाव स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. इतकी वर्षं ती आपल्या पायाशी होती.

काठावरची झाडंही तशीच. जमिनीतून नत्र मिळत नाही म्हणून ती शिकार करतात. ऑगस्टअखेर ओल्या कातळावर जी जांभळी-निळी फुलं पसरतात ती सीतेची आसवं. एक रोपटं हलकेच उपटून मुळाशी पाहिलं तर धाग्यांना मोहरीहून लहान फुगे दिसतात. ते सापळे आहेत. फुग्याच्या दाराशी केसासारखे तंतू असतात. सूक्ष्म जीवाचा त्यांना धक्का लागला की दार आत उघडतं, पाण्यासकट तो जीव ओढला जातो आणि दार बंद होतं. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळात. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे, आणि ती आपल्या चपलेखाली चालू असते. शेजारीच दवबिंदू असते, पानांच्या केसांवर चिकट थेंब घेऊन किड्याची वाट पाहणारी. त्याआधी, पहिल्या पावसानंतर लगेच, कातळाच्या भेगांतून कोकणाचंच नाव धारण करणारी डिपकाडी कोंकनेन्स पांढऱ्या फुलांनी वर येते. मग गेंदाची पांढरी बटणं, कवल्याची पिवळी फुलं, गौरीच्या सुमाराला तेरडा. गौर आणायला बायका सड्याच्या कडेपर्यंत येतात आणि तेरड्याच्या मोळ्या घेऊन जातात. आमच्याकडची गौर तेरड्याची असते, म्हणजे घरात येणारी माहेरवाशीण सड्याचीच.

पाण्याबाहेर, सुट्या दगडांखालीही एक जग आहे. १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावातून पांढऱ्या पट्ट्यांच्या एका पालीची नोंद केली, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस. ती दिवसा सड्यावरच्या सुट्या दगडाखाली बसते. दगड हलवला की तिचं घर जातं, इतकं साधं. २००३ मध्ये त्याच गावातून देवगांडुळाची एक नवी जात पुढे आली. एकाच गावाच्या कातळावरून जगाला नवे असलेले दोन प्राणी, चाळीस वर्षांच्या अंतराने. पुण्याच्या अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गेली कित्येक वर्षं सह्याद्रीचे आणि कोकणचे सडे पायी फिरून पाहिले आणि हे एक वेगळं, स्वतंत्र अधिवासक्षेत्र आहे हे मांडलं. तोवर वनस्पतिशास्त्राचं लक्ष जंगलाकडे होतं. सडा म्हणजे जंगल नसलेली जागा, एवढीच त्याची ओळख होती.

माणूस या पाण्याशी केव्हा आला?

हिमनदी रत्नागिरीला आली नाही असं मी वर म्हटलं, पण हिमयुग मात्र आलं होतं, समुद्राच्या वाटेने. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या खंडांवर इतकं पाणी बर्फ होऊन साठलं होतं की जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. रत्नदुर्गावर उभं राहून आज जिथे लाटा फुटताना दिसतात तिथून पश्चिमेला क्षितिजापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे तेव्हा जमीन होती. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या नद्या तेव्हा खूप लांब वाहत जाऊन समुद्राला मिळत असणार. बर्फ वितळला, समुद्र चढत आला, नद्यांच्या खोऱ्यांत शिरला. जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर या आपल्या खाड्या म्हणजे बुडालेली नदीखोरी आहेत. हिमनद्यांनी हजारो कोसांवरून घडवलेला हा आपला किनारा.

समुद्र असा चढत असताना सड्यावर माणसं होती. त्यांनी कातळावर चित्रं कोरली. अभ्यासकांच्या अंदाजाने त्यांतली जुनी दहा-बारा हजार वर्षांची असावीत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ च्या सुमारास सडेच्या सडे पायी पालथे घालायला सुरुवात केली आणि कातळशिल्पांची संख्या हजाराच्या वर गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सोबत सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. हत्ती, वाघ, हरणं, मोर यांच्या जोडीला पाकट, मुशी, कासव. आणि गेंडा. आज गेंडा पाहायचा तर आसामला जावं लागतं. त्याला पाणथळ गवताळ रान लागतं, लोळायला चिखल लागतो. ज्याने तो इतक्या नेमक्या रेषेत कोरला त्याने तो पाहिला असणार, आणि जिथे गेंडा होता तिथे पाणी होतं.

त्या यादीतल्या एका गावाचं नाव पुन्हा वाचा, रुंढे तळी. मला तरी हे नाव वाचताना पाणीच दिसतं. पावसाळ्यात कातळशिल्पाच्या रेषांत पाणी भरतं, कोरीव खाचेत बारीक माती धरते, तिच्यात गेंद आणि सीतेची आसवं उगवतात. ज्या हाताने रेष कोरली त्याने नकळत आणखी एक छोटं तळं तयार केलं. गेल्या पिढीपर्यंत गावांना ही चित्रं ठाऊक होती, त्यांवरून शाळेला जायची वाट होती, कुठे कुठे ती पांडवांनी काढली असं सांगायचे. आता ती शिल्पं आहेत.

सडा गावापासून तुटलेला कधीच नव्हता. वर सडा, उतारावर वाडी, खाली खाडीकाठची खलाटी, हा आमच्या गावांचा आराखडा. वरच्या कातळावर जिथे वीतभर माती आहे तिथे वरकस जमिनीत नाचणी-वरी व्हायची, खोलगट जागी भाताची चिमुकली खाचरं. गुरं दिवसभर वर चरायची आणि याच तळ्यांत पाणी प्यायची. गुराख्याची पोरं दुपारी भाकरी खाऊन ओंजळीने तेच पाणी प्यायची. माझी आजी सांगायची की सड्यावरच्या पाण्याला चव नसते, आणि हे ती कौतुकाने सांगायची. क्षार नसलेल्या पाण्याची याहून चांगली परीक्षा प्रयोगशाळेतही व्हायची नाही.

पण वाडीचं खरं नातं वरच्या न दिसणाऱ्या पाण्याशी आहे. जांभा भोकाभोकांचा, त्यात पाणी मुरतं. त्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, तिथे ते अडतं आणि थरावरून सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. वाडीच्या विहिरी याच पाण्यावर. जांभा पाणी घेतो तसं सोडतोही भराभर, म्हणून इतका पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी धरून ठेवायचं तर माणसालाच कष्ट करावे लागले. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेला मालवणजवळचा धामापूरचा तलाव पाहा. १५३० साली नागेश देसाई यांनी दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून तो केला आणि आजही त्यात बारमाही पाणी आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांत घेतलं. येऊन-जाऊन असणाऱ्या पाण्याचा आदरही आम्हाला नवा नाही. राजापूरला उन्हाळे गावच्या गंगेची चौदा कुंडं साधारण तीन वर्षांनी आपोआप भरतात, महिना-दोन-तीन महिने वाहतात आणि आटतात. गंगा आली की लांबून माणसं स्नानाला येतात. गेली तर कुणी ती जागा ओसाड म्हणत नाही. पुन्हा येईल हे ठाऊक असतं.

सड्यावरच्या तळ्यांना मात्र हा मान मिळाला नाही. सातबाऱ्यावर ती पोटखराबा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात नापीक खडकाळ क्षेत्र. कागदावर एकदा नापीक लिहिलं की तिथे काहीही करता येतं.

१९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं आणि कातळावर हापूस चढला. सुरुंगाने खड्डे पाडायचे, दुसरीकडून माती आणून भरायची, कलम लावायचं, पाणी घालायचं. या बागांनी अनेक घरं उभी केली आणि त्यांचा राग धरावा असं माझ्या मनात नाही. आमच्या घरातल्या मुलांची शिक्षणंही आंब्यावर झाली. पण माती आणली म्हणजे काय झालं हे पाहायला हवं. ज्या पाण्याचं सगळं आयुष्य मातीच्या अभावावर उभं होतं त्याच्याकडे आता पावसाबरोबर माती येते, खत येतं, गळलेली पानं येतात. बागेच्या उतारावरचं एक तळं मी दहा-बारा वर्षं पाहतो आहे. पूर्वी तिथे तळाचे दगड मोजता यायचे. आता श्रावणातच त्यावर हिरवी साय धरते, काठाने उंच गवत माजलं आहे, सीतेची आसवं दिसत नाहीत. गवत जोरात वाढलं याला कुणी नुकसान म्हणणार नाही. उपाशी पाण्याचं पोट भरलं, आणि त्या भुकेवर जगणारे सगळे गेले.

चिरेखाणींचं वेगळंच. यंत्राने सरळ कापलेल्या खोल चौकोनी खड्ड्यांत पावसाळ्यात पाणी भरतं आणि लांबून ती तळीच वाटतात. पण कडा उभ्या, तळ गढूळ, काठाला ओल धरणारं कवच नाही. शिवाय जांभा काढून नेला म्हणजे पाणी मुरवणारा थरच काढून नेला, त्याचा हिशोब खालच्या विहिरीला द्यावा लागतो. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा कातळशिल्पांची चर्चा झाली, आंब्याची झाली, मासेमारीची झाली. त्या प्रत्येकाची व्हायलाच हवी होती. शिल्पाच्या बाजूला पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याबद्दल कुणी बोललेलं माझ्या कानावर आलं नाही. ते तेव्हा तिथे नव्हतंच. एप्रिल होता.

एप्रिलमधला सडा पाहून कुणाची खात्री पटवणं कठीण असतं. म्हणून गेल्या वर्षी मेअखेर मी शेजारच्या मुलीला घेऊन वर गेलो. ती सातवीत आहे. दगड तापून पाय ठेववत नव्हते. तळ्याच्या जागी तडकलेली, कोरडी लाल भुकटी होती. चमचाभर भुकटी आम्ही कागदाच्या पुडीत बांधून आणली. जून उजाडला, पागोळ्या लागल्या, तेव्हा पत्र्यावरचं नको म्हणून अंगणाच्या मध्ये पातेलं ठेवून पावसाचं पाणी धरलं, काचेच्या पेल्यात ओतलं आणि त्यात ती पुडी सोडली. पाणी लाल झालं. दुसऱ्या दिवशी निवळलं, काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या आधी धावत आली आणि पेला खिडकीच्या उजेडात धरून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, धूळ पोहते आहे."

सुईच्या टोकाएवढे आठ-दहा ठिपके झटके देत वर येत होते, खाली जात होते. त्याच संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही पाखाडी चढलो. तळं घोटाभर भरलं होतं. तिने पेला पाण्यात बुडवला आणि हळूच तिरपा केला.